घरकुल मंजूर, पण जागा कुठे? जुन्नर-आंबेगावच्या निवाऱ्याचा इतिहास

#थ्रेड

जुन्नरच्या लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक छोटासा ब्राह्मी लेख आहे. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने 'सतगभ' आणि 'पोढी' दान दिली, म्हणजे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके. इथल्याच इतर लेखांत शेतांचे उत्पन्न लावून दिल्याच्या नोंदी आहेत. भिक्षूंच्या लेण्याची सरकारी घरकुलाशी तुलना करणे अनैतिहासिक ठरेल. तरीही त्या लेखातून एक प्रश्न सुचतो: निवारा देणारा नेमके काय काय देतो?

आता थेट विसाव्या शतकात येऊ. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली, तीही स्वतंत्रपणे नव्हे, तर ग्रामीण रोजगाराच्या एका कार्यक्रमाचा भाग म्हणून. आरंभी तिचा रोख अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांकडे होता. १९९६ मध्ये ती वेगळी योजना झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली: किमान २६९ चौरस फुटांचे घर, सर्वसाधारण प्रदेशात १ लाख २० हजारांचे साहाय्य, शिवाय रोजगार हमीतून मजुरी.

इथे एक मूलभूत बदल झाला. घरासाठी केवळ अर्ज करून भागेना, नाव यादीत असावे लागे. पहिली यादी २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून निघाली. त्यातून सुटलेल्यांची पुढे वेगळी नोंद झाली, तीच गावोगावी 'ड यादी' म्हणून ओळखली जाते. घरात दुचाकी, फ्रिज किंवा लँडलाइन असली तरी कुटुंब बाद होई. २०२४ मध्ये या अटी शिथिल झाल्या. भीमाशंकरच्या घाटवाटांवर जुनी दुचाकी ही श्रीमंतीची खूण कशी ठरते, हे निकष लिहिणाऱ्यांनाच ठाऊक!

यादीत नाव आले, तरी घर बांधायचे कशावर? पैसा मिळतो तो बांधकामाचा. जुन्नर शहरातही स्वतः घर बांधणाऱ्याला नगरपरिषदेमार्फत साहाय्य मिळते, परंतु भूखंड त्याचाच हवा.

नेमकी हीच गोष्ट या दोन तालुक्यांत दुर्मीळ आहे. महसुली नोंदीतले गावठाण मर्यादित असते. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबांच्या अनेक वाड्या-वस्त्या त्याबाहेर, सामाईक किंवा वनजमिनीवर वसलेल्या. त्यात कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे याच परिसरात: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले! तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. धरणाने विस्थापित झालेल्याकडे पिढीजात घराची आठवण असते, पण त्या जागेचा उतारा आज घरकुलाच्या कामाचा नसतो.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. त्यानंतर शासनाने जवळच आमडे येथे जमीन मिळवली, तिथे नवे गाव उभारले आणि २ एप्रिल २०१७ रोजी ते लोकार्पित झाले. जमिनीसह घर, रस्ता, पाणी, शाळा असा एकत्रित विचार तिथे झाला. तो होण्यासाठी आधी एक गाव गाडले जावे लागले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवलेच पाहिजे.

भूमिहीनांसाठी वेगळी तरतूद नाही असे नाही. २०१५च्या शासननिर्णयाने पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी ५० हजार, पुढे मर्यादा १ लाख झाली. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी योजना आहे आणि तिची चौकशी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात करता येते. २०२३च्या पीएम-जनमनमध्ये कातकऱ्यांचा समावेश आहे. तुमच्या गावची यादी ग्रामसभेत वाचली जाते का, हे मात्र पुढच्या सभेला बसूनच कळेल. जाताना नमुना ८चा उतारा, जातीचा दाखला आणि जॉबकार्ड सोबत असू द्या.