विडीचे धूम्रपान व श्वसनविकार

तेंदूच्या (टेमरू, टेंभुर्णी; लॅ. डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, कुल-एबेनेसी) वाळविलेल्या पानात तंबाखूचा चुरा गुंडाळून केलेली विडी हे महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भातील, धूम्रपानाचे दीर्घकाळ प्रमुख साधन होते. वऱ्हाडी बोलीत तिला ‘बिडी’ म्हणतात. विडीतील तंबाखू सिगारेटीतील तंबाखूच्या एक चतुर्थांशाच्या आसपास असते. या लहान आकारामुळे ती सिगारेटीपेक्षा सौम्य असते, असा समज रूढ झाला. धूम्रपानाच्या दुष्परिणामांचे आरंभीचे बहुतेक संशोधन सिगारेटीवर झाले व कायदेही प्रथम सिगारेटीपुरतेच झाले. त्यामुळे विडीच्या धुराने होणाऱ्या फुप्फुसविकारांची दखल फार उशिरा घेतली गेली. 

पूर्वेतिहास : धूर ओढण्याची क्रिया भारतास तंबाखूपूर्वीही परिचित होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांच्या वर्तीचा धूर घेण्याचा विधी, त्याचे काळ व अतिरेकाने होणारे विकार सांगितले आहेत. त्या धूमपानाचा तंबाखूच्या व्यसनाशी संबंध नाही. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली व तेथून दख्खनमध्ये पसरली [→ तंबाखू]. असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली. अकबराने कुतूहलाने झुरका घेतला, परंतु या अपरिचित पदार्थाच्या सेवनास दरबारी हकिमाने हरकत घेतली, असा वृत्तांत असद बेगने लिहून ठेवला आहे. जहांगीरने १६१७ मध्ये धूम्रपानास मनाई केली, परंतु ती टिकली नाही. हुक्का व चिलीम यांच्या रूपाने ही सवय सर्व थरांत पसरली.

विदर्भातील विडी : विडी वळण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी तत्कालीन मध्य प्रांतात झपाट्याने वाढला. भंडारा, गोंदिया व चंद्रपूरच्या जंगलांत तेंदूची पाने विपुल होती. बंगाल-नागपूर रेल्वेमुळे गुजरातमधील चरोतर व दक्षिणेकडील निपाणी भागातील तंबाखू आणणे आणि तयार माल दूरवर पाठविणे सोपे झाले. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटीवरील बहिष्काराने विडीला आणखी चालना मिळाली. एप्रिल-मे महिन्यांत, शेतीची कामे थंडावलेली असताना, पाने तोडून त्यांचे पुडके बांधणे हे जंगलालगतच्या कुटुंबांचे उत्पन्नाचे साधन बनले. वळण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे आले. कंत्राटदार मोजून पान-तंबाखू देई आणि हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी ठरे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या शासनाने १९३७ साली अनियंत्रित कारखान्यांसाठी कायदा केला, त्यात विडी कारखान्यांचा समावेश होता. त्यानंतर काम कारखान्यातून घरांकडे वळण्याची प्रवृत्ती वाढली. घरातच पान कापणे व तंबाखू भरणे चालू लागल्याने तंबाखूची धूळ वळणारीबरोबर मुलांच्याही श्वासात जाऊ लागली.

विडी ओढणारा वर्ग मुख्यतः शेतकरी व मजूर यांचा होता. नागपूर जिल्ह्याच्या वायव्येस, मध्य प्रदेश व अमरावती जिल्ह्याच्या सीमेवर असलेला नरखेड तालुका हा वर्धा नदीच्या खोऱ्यातील संत्री, मोसंबी व कापूस पिकविणारा प्रदेश आहे. अशा शेतीप्रधान भागात श्वसनविकारांची कारणे शोधताना गिरण्यांच्या धुरापेक्षा विडी, स्वयंपाकाच्या चुलीचा धूर आणि क्षयरोग या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. ग्रामीण भागात चाळिशीनंतर सुरू होणारा खोकला व चढावर लागणारी धाप ‘दमा’ या एकाच नावाने ओळखली जाते व पुष्कळदा वयाचा परिणाम मानली जाते. त्यामुळे खऱ्या दम्यापेक्षा निराळा असा धूम्रपानजन्य विकार निदानाविना राहतो.

विकृतिक्रिया : तंबाखूच्या धुरात सु. सात हजार रासायनिक द्रव्ये असून त्यांपैकी सु. सत्तर कर्करोगकारक आहेत. धुरातील कण अतिसूक्ष्म असल्याने नाक व घसा यांची गाळणी ओलांडून ते खोलवर पोहोचतात. श्वासनलिकांच्या अस्तरावर पक्ष्माभिका (सूक्ष्म केसासारख्या हलत्या वाढी) असतात. त्या श्लेष्म्यात अडकलेली धूळ व जंतू सतत वर लोटत असतात. धुरामुळे त्यांची हालचाल मंदावते, पुढे त्या नष्ट होतात आणि श्लेष्मग्रंथींची वाढ होऊन स्राव वाढतो. साचलेला कफ बाहेर टाकण्यास खोकला हा एकच मार्ग उरतो. धूम्रपान करणाऱ्याचा सकाळचा खोकला त्यामुळेच उद्भवतो. लागोपाठ दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने, कफयुक्त खोकला राहिल्यास त्यास चिरकारी (दीर्घकालीन) श्वासनलिकाशोथ म्हणतात.

दोन्ही फुप्फुसांत मिळून सु. ३० कोटी वायुकोश असतात. धुरामुळे तेथे गोळा होणाऱ्या श्वेत कोशिकांपासून (पेशींपासून) स्रवणारी एंझाइमे वायुकोशांच्या भित्तीतील लवचिक तंतू विरघळवितात. निरोगी फुप्फुसात आल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन या एंझाइमांना आवर घालते. धूर या प्रथिनासही निष्प्रभ करतो. भित्ती फाटून लहान वायुकोशांच्या जागी मोठ्या, सैल पोकळ्या तयार होतात. या विकृतीस वातस्फीति म्हणतात. हवा आत जाते, परंतु उच्छ्वासावाटे पूर्ण बाहेर पडत नाही. नष्ट झालेल्या भित्ती पुन्हा तयार होत नाहीत. शोथ व वातस्फीति या दोन्ही विकृती पुष्कळदा एकत्र आढळत असल्याने त्यांना मिळून चिरकारी अवरोधी फुप्फुसविकार ही संज्ञा आहे. याशिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. त्यामुळे आधीच अपुरा मिळणारा ऑक्सिजन ऊतकांपर्यंत (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांपर्यंत) आणखी कमी पोहोचतो.

विडीच्या बाबतीत पानाच्या गुणधर्मामुळे या परिणामांत भर पडते. तेंदूचे पान कागदाप्रमाणे सच्छिद्र नसते व सावकाश जळते. विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व जोराने घ्यावे लागतात. बाजूने हवा मिसळत नसल्याने धूर दाट राहतो.

ज्ञानाचा इतिहास : फुप्फुसाचा कर्करोग विसाव्या शतकाच्या आरंभी दुर्मिळ मानला जाई. जर्मनीत फ्रिट्स लिकिंट यांनी १९२९ मध्ये व एफ्. एच्. म्यूलर यांनी १९३९ मध्ये त्याचा धूम्रपानाशी संबंध दाखविला, परंतु महायुद्धामुळे ते कार्य मागे पडले. १९५० साली अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर व एव्हर्ट्‌स ग्रॅहम यांनी आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल (१९१२–२००५) व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७–१९९१) यांनी रुग्ण व निरोगी व्यक्ती यांची तुलना करून हा संबंध ठामपणे मांडला. डॉल व हिल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्याच सवयी व मृत्यू यांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. ही पाहणी पन्नास वर्षे चालली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा १९६२ चा आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९६४ चा अहवाल यांनंतर वैद्यकीय मतभेद जवळजवळ संपले. १९७७ मध्ये चार्ल्‌स फ्लेचर व रिचर्ड पीटो यांनी लंडनमधील कामगारांच्या दीर्घ निरीक्षणातून दाखविले की, धुरास संवेदनशील असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाची क्षमता वयोमानापेक्षा वेगाने घटते. धूम्रपान थांबविल्यास गमावलेली क्षमता परत येत नाही, परंतु घट सामान्य गतीवर येते. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पत्नींमध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले.

विडीविषयीचे संशोधन : वरील निष्कर्ष सिगारेटीविषयीचे होते. विडीच्या संदर्भात आवश्यक पुरावा बव्हंशी मुंबईतून मिळाला. तेथे टाटा मेमोरियल रुग्णालय (१९४१) व १९६३ मध्ये सुरू झालेली कर्करोग नोंदणी यांमुळे रुग्णांची पद्धतशीर माहिती उपलब्ध झाली. डीट्रिख हॉफमान, एल्. डी. संघवी व वाइंडर यांनी १९७४ मध्ये भारतीय विडी व अमेरिकन सिगारेट यांच्या धुराचे तुलनात्मक विश्लेषण प्रसिद्ध केले. तंबाखू कमी असूनही विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, फिनॉले व कर्करोगकारक हायड्रोकार्बने यांचे प्रमाण अधिक आढळले. डी. जे. जसावाला व सहकाऱ्यांच्या १९७९ च्या अभ्यासात बृहन्मुंबईतील फुप्फुसकर्करोगाचा विडीशी निकटचा संबंध दिसून आला.

प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ वर्षे व त्यांवरील रहिवाशांची १९९१ पासून मोठी पाहणी केली. तिचे २००५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : तंबाखूचा मुळीच वापर न करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचे मृत्युप्रमाण १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांचे १.६४ पट होते. प्रभात झा व सहकाऱ्यांच्या २००८ मधील देशव्यापी अभ्यासात विडीमुळे पुरुषांचे आयुष्य सु. सहा वर्षांनी, स्त्रियांचे सु. आठ वर्षांनी आणि सिगारेटीमुळे पुरुषांचे सु. दहा वर्षांनी घटत असल्याचे आढळले. म्हणजे विडी प्रत्येक बाबतीत सिगारेटीहून घातक असल्याचे सर्व अभ्यासांत दिसत नाही, मात्र ती निरुपद्रवी असल्याचे कोणत्याही अभ्यासात दिसत नाही.

भारतातील परिस्थितीत आणखी एक बाब महत्त्वाची ठरली. पाश्चात्त्य देशांत धूम्रपानजन्य मृत्यूंमध्ये कर्करोग व हृद्‌रोग प्रमुख असतात. तमिळनाडूतील शहरी व ग्रामीण पुरुषांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र धूम्रपान करणाऱ्यांतील क्षयरोगाचे मृत्युप्रमाण न करणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक आढळले. धुराने दुर्बल झालेले फुप्फुस सुप्त जंतूंना आवरू शकत नाही, हे त्याचे कारण समजले जाते [→ क्षयरोग].

कायदे : १९७५ च्या केंद्रीय कायद्याने वेष्टनावर आरोग्यविषयक इशारा छापणे बंधनकारक केले, परंतु तो कायदा केवळ सिगारेटीस लागू होता. विडीसंबंधीचे तत्कालीन कायदे कामगारविषयक होते. १९६६ च्या कायद्याने विडी व चिरूट कामगारांच्या सेवाशर्ती ठरविल्या, तर १९७६ च्या कायद्याने कल्याणनिधी उभारला. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशातील विडी कामगारांची संख्या सु. ५० लाख असून त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न विडीवरील निर्बंध व कर यांच्या आड वारंवार आला. सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा कायदा २००३ मध्ये झाला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अंमलात आले आणि चित्रमय इशारा ३१ मे २००९ पासून विडीच्या बंडलावरही आला. म्हणजे सिगारेटीच्या तुलनेत विडी ओढणाऱ्यास वेष्टनावरील इशारा मिळण्यास सु. तीन दशकांचा विलंब झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही सिगारेटीवरील अतिरिक्त उपकर विडीवर बसविण्यात आला नाही.

सद्यःस्थिती व प्रतिबंध : २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील लोकांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करीत होते, तर २४.४ टक्के धूररहित तंबाखू वापरीत होते. विदर्भात विडीची जागा मोठ्या प्रमाणावर खर्ऱ्याने (सुपारी, तंबाखू व चुना यांच्या मिश्रणाने) घेतली आहे. यामुळे फुप्फुसावरील भार घटला, तरी मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढला. शिवाय पूर्वी ओढलेल्या विडीचे परिणाम पुढील अनेक वर्षे दिसत राहतात.

चिरकारी अवरोधी विकारावर श्वसनमार्ग रुंदावणारी औषधे व आवश्यकतेनुसार ऑक्सिजन यांनी आराम मिळतो, परंतु तो पूर्ण बरा होत नाही. श्वसनक्षमतामापनाने तो लवकर ओळखता येतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही याची खात्री करणे आवश्यक असते. धूम्रपान सोडणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय होय. ब्रिटिश डॉक्टरांच्या पाहणीच्या २००४ मधील निष्कर्षांनुसार साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यास सु. ३, पन्नासाव्या वर्षी सु. ६, चाळिसाव्या वर्षी सु. ९ व तिसाव्या वर्षी सु. १० वर्षांचे आयुष्य अधिक लाभते. फुप्फुसाच्या क्षमतेची घट मंदावणे हा फायदा कोणत्याही वयात मिळतो. त्यामुळे उतारवयात विडी सोडणेही निरर्थक ठरत नाही.