दंड, टिंब आणि पहिली लिपी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांची तांबडी शाई आमच्या वह्यांत शब्दांवर कमी आणि शब्दांच्या मागेपुढेच अधिक उमटत असे. पांढुर्णा-सौंसरच्या मुलाला वाक्य तीन रीतींनी संपवावे लागते. हिंदीत उभा दंड, मराठीत टिंब, आणि इंग्रजीत टिंब देऊन पुढचे अक्षर पहिल्या लिपीतले. एकाच दप्तरात हे तीन कायदे कसे येऊन बसले, याचा थोडा इतिहास आज सांगावा म्हणतो.

देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि दप्तराची लिपी मोडी झाली. मोडीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत जायचे; शब्दही तोडावयाचा नाही, मग विरामचिन्हे कोठून असणार? तरीही ती पत्रे वाचता येत, कारण चिन्हांचे काम शब्दच करीत. ‘ऐसियास’ आले की नवा मुद्दा सुरू झाला, ‘म्हणोन’ आले की दुसऱ्याचे बोलणे संपले, ‘हे विनंती’ आले की पत्र संपले. आपल्या पूर्वजांना विराम ठाऊक नव्हता असे जे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. विराम होता, तो कानाने ओळखण्याचा होता. पोथीत ओवीच्या शेवटी दोन दंड असत. पण तेही गाणाऱ्याच्या श्वासासाठी, व्याकरणासाठी नव्हेत.

छापखाना आला आणि वाचन मुके झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. पण मराठी गद्याला इंग्रजीची विरामचिन्हे लावून देण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी या इंग्रज गृहस्थाकडे जाते. मोल्सवर्थच्या कोशात राबलेला आणि पाठ्यपुस्तकांची भाषा तपासणारा हा माणूस. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्याचे छोटे पुस्तक १८५० सालचे आहे. त्याच्या मराठीला पुष्कळांनी नाके मुरडली, परंतु त्याची चिन्हे मात्र सर्वांनी घेतली. १८७४ साली निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ती लांब, वळणे घेत जाणारी वाक्ये या चिन्हांवाचून उभीच राहिली नसती. मराठी गद्याने असा दंड सोडून टिंब घेतले. हिंदीने स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह हे सारे घेतले. दंड तेवढा ठेवला. काही हिंदी नियतकालिकांनी पुढे टिंब पत्करले, पण शाळेत दंडच राहिला.

पहिल्या लिपीचे दुखणे निराळे. देवनागरीत थोरामोठ्यांसाठी वेगळे अक्षर नाही. राजाचा ‘र’ आणि रस्त्याचा ‘र’ एकच. इंग्रजीत गावाचे, नदीचे, वाराचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करावे लागते. जाम नदीच्या काठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार पाहणाऱ्या आम्हा मुलांना ‘जाम’चे पहिले अक्षर मोठे आणि ‘नदी’चे लहान का, हे उमजत नसे, दोघी एकच ना! त्याहून नवल ‘मी’चे. इंग्रज ‘तू’ लहान लिहितो, ‘तो’ लहान लिहितो आणि वाक्याच्या मध्येही ‘मी’ मोठा लिहितो. ‘तो अहंकार समजू नका,’ गुरुजी म्हणत, ‘एकटे बारीक अक्षर ओळीत हरवू नये म्हणून ते उंच केले आहे.’

मात्र आमच्या भागातील मुलाची खरी परीक्षा शब्दांच्या अवयवांत होते. मराठीत ‘पांढुर्ण्याला’ हा एक शब्द. प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दच वाकतो, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. हिंदीत नामापुढचा ‘को’ सुटा उभा राहतो. इंग्रजीत तोच संबंध नामाच्या आधी येऊन बसतो. म्हणून आमची मुले मराठीत ‘घरा ला’ असे तोडून लिहीत आणि हिंदीत ‘घरको’ असे जोडून. यास मी अज्ञान म्हणत नाही. ज्याच्या डोक्यात तीन व्याकरणे एकाच वेळी जागी आहेत, त्याच्याच हातून अशी चूक घडते.

१९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. घरची मराठी तीच राहिली, वहीतला दंड तेवढा पक्का झाला.

त्या दंडाची किंमत मी स्वतः मोजली आहे. पुढील शिक्षणासाठी सीमेपलीकडील एका महाविद्यालयात गेलो, तेथे माझा पहिला मराठी निबंध वर्गात उंच धरून दाखविण्यात आला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उभा दंड! ‘हे मराठी नव्हे,’ एवढाच शेरा होता. मजकुराविषयी अक्षर नव्हते. पुढे कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडले नाही.

सुटीत गावी आल्यावर ती वही गुरुजींना दाखविली. त्यांनी ती सावकाश वाचली, दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एक ‘ला’ मागील शब्दाला जोडून दिला. दंडांना त्यांनी हात लावला नाही. वही परत देताना म्हणाले, ‘निबंध चांगला आहे. दंड तुझे तू खोड. म्हणजे कोठे वाक्य संपले, हे पुन्हा एकदा पाहशील.’

त्या रात्री कंदिलाजवळ बसून मी ते एकेक करून खोडले. निम्म्या ठिकाणी टिंब दिले. उरलेल्या ठिकाणी वाक्य संपलेच नव्हते, तेथे स्वल्पविराम दिला.