घरच्या कुत्रीला नको असलेली गर्भधारणा कशी टाळायची?

चाळीसगावसारख्या शहरात घराचं फाटक पाच मिनिटं उघडं राहिलं, तरी गल्लीतला नर आत येऊ शकतो. मग झालेली पिल्लं द्यायची कुणाला, हा प्रश्न उरतो.

धोका नेमका कधी?
मादी साधारण 6 ते 12 महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येते. पुढे बहुतेक माद्या दर सहा-सात महिन्यांनी माजावर येतात. माज सुमारे 3 आठवडे टिकतो. पहिले 7 ते 10 दिवस रक्तस्राव होतो. तो फिका पडला की माज संपला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गर्भ राहण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. म्हणून रक्त दिसल्यापासून 4 आठवडे तिला साखळीनेच फिरवा, अंगणात एकटी सोडू नका. घरातला नर, अगदी तिचा भाऊ असला तरी, वेगळा ठेवा.

कायमचा उपाय कोणता?
नसबंदी. भूल देऊन अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. त्यामुळे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. माज पुढे ढकलणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी मात्र याच आजाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेचं योग्य वय पशुवैद्यक सांगतील.

चुकून संबंध आलाच तर?
जोडी ओढून सोडवू नका, दोघांना इजा होते. माणसांच्या गोळ्याही देऊ नका. लगेच पशुवैद्यकांकडे न्या. गर्भकाळ साधारण 63 दिवसांचाच असतो.

जबाबदारी कुणाची?
2023 च्या केंद्रीय प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थेची, तर पाळीव कुत्र्यांची मालकाची आहे.