‘पेव फुटणे’ : एका वाक्प्रचारामागचा जीवघेणा खड्डा

१/ सोलापूरच्या नवी पेठेत ‘दुकानांचे पेव फुटले आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण मुळात पेव म्हणजे काय, आणि त्यात उतरताना जाणती माणसेही का धास्तावत? #थ्रेड

२/ पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार : तोंड अरुंद, पोट रुंद. सोलापूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात त्यात ज्वारी साठवीत, सांगलीजवळच्या हरिपुरात हळद. भरल्यावर तोंड मातीने लिंपून घेत. पेव फुटले की धान्याची रेलचेल होई. वाक्प्रचार तिथून आला.

३/ बंद पेवातही धान्य, किडे आणि बुरशी श्वसन करीत राहतात. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो. कीड गुदमरून मरते, म्हणूनच धान्य टिकते.

४/ जी हवा धान्य राखते, तीच माणसाचा जीव घेते. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांखाली गेला की शुद्ध हरपते; ६ टक्क्यांखाली काही मिनिटांत मृत्यू. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तोंड उघडले तरी तळाशीच रेंगाळतो.

५/ म्हणून पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवीत. मग पेटता कंदील दोरीने आत सोडीत. तो विझला, तर कोणी उतरायचे नाही. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. माणूस कोसळण्याआधीच इशारा मिळतो.

६/ १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांबरोबर बॉयलर आणि टाक्या आल्या. बंद टाकीत गंजणारे लोखंडही ऑक्सिजन शोषून घेते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३६ अशा घातक वायूंच्या बंदिस्त जागांसाठीच होते : आधी तपासणी आणि लेखी दाखला, नाहीतर श्वसनसाधन व कमरेला दोर, ज्याचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती.

७/ गटारात मात्र कंदील नेऊ नये. तिथे मिथेनचा भडका उडू शकतो, आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड ज्योतीला कळत नाही. तिथे वायुमापकच हवा.

८/ सर्वांत करुण भाग पुढेच आहे. अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला धावलेले होते.

९/ गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख, तर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई मृत्यूनंतर मिळते. कंदील आधी सोडायचा असतो. पेवे बुजली, तरी त्यांचा नियम जुना झालेला नाही : आधी हवा तपासा, मगच माणूस उतरवा.