मृत्युपत्र, गरीब भाविक व कायद्याचे विद्यार्थी

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत वेदी, घंटा व पूर्वीचे धर्मगुरु यांच्या आठवणी याव्यात, हें योग्यच. तथापि आम्ही येथें मृत्युपत्राविषयीं लिहिणार आहों. मरणोन्मुख भाविकाच्या बिछान्यापाशीं शेवटचे साक्रामेंत घेऊन गेलों असतां "फादर, माझ्या घराचें काय?" हा प्रश्न आम्हीं पुष्कळ वेळां ऐकला आहे, आणि त्या घटकेला बहुधा उशीर झालेला असतो.

मृत्युपत्र हें मोठ्या बागाईतदारांचें काम, असा मिरजोळ्यासारख्या गांवांत समज आढळतो. वस्तुतः ज्याचें दोन खोल्यांचें घर व हापूसचीं चार कलमें एवढेंच आहे, त्याच्याच कुटुंबाला तंट्याचा खर्च सोसवत नाहीं. आम्हां ख्रिस्ती लोकांस १९२५ सालचा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एक तृतीयांश व मुलांस, मुलगा-मुलगी असा भेद न करतां, उरलेले दोन तृतीयांश मिळतात. वांटणी न्याय्य दिसते; पण मयताची वृद्ध आई त्याच घरांत राहत असली, तरी मुलें हयात असतां तिच्या वांट्यास कांहींच येत नाहीं.

याच कायद्याच्या ११८ व्या कलमानें (आमच्याकडे कलम म्हटलें कीं आंबा आठवतो, पण हें कलम कडू निघालें) एक विचित्र बंधन घातलें होतें. ज्यास पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असे, त्याला धर्मकार्यास कांहीं ठेवावयाचें तर मृत्यूपूर्वीं निदान बारा महिने मृत्युपत्र करून तें सहा महिन्यांच्या आंत सरकारी कचेरींत ठेवावें लागे. हिंदूंस व मुसलमानांस असें बंधन नव्हतें. १८६५ च्या कायद्यांतून आलेला हा नियम केरळांतील एक धर्मगुरु, फादर जॉन वल्लमट्टम, यांनीं सर्वोच्च न्यायालयापुढें नेला, व २१ जुलै २००३ रोजीं तें कलम घटनाबाह्य ठरलें.

कायदा मोकळा झाला, तरी तो समजावून देणारा कोणी पाहिजे. १९८७ सालचा विधिसेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्यान्वयें स्त्रियांना तर उत्पन्न न पाहतां मोफत साहाय्य मिळतें. पुढें २००८ सालीं बार कौन्सिलनें प्रत्येक विधि महाविद्यालयास साहाय्यकेंद्र आवश्यक केलें; अध्यापकाच्या देखरेखीखालीं शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं तें चालवावें, अशी योजना आहे. रत्नागिरींत, पतितपावन मंदिर बांधणारे दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या नांवाचें विधि महाविद्यालय आहे. तेव्हां अशी मदत मागावयास घाटावर जाण्याचें कारण नाहीं. विद्यार्थ्यास वकील म्हणून न्यायालयांत उभें राहतां येत नाहीं. परंतु म्हाताऱ्यापाशीं बसून सातबारा वाचणें, वारसांची यादी करणें, कच्चा मसुदा लिहून अध्यापकांस दाखविणें, हें त्याला खुशाल करतां येतें. घाईंत असलेल्या वकिलापेक्षां तो अधिक वेळ ऐकतो, असें आमचें मत आहे.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणी ऐच्छिक आहे, अंगठाही चालतो. साक्षीदार मात्र दोन हवेत. येथेंच अडाणीपण नडतें. साक्षीदारास अथवा त्याच्या पतीस वा पत्नीस जें ठेवलें असेल, तें आम्हां ख्रिस्ती लोकांच्या बाबतींत व्यर्थ जातें. धाकट्या मुलास घर दिलें आणि सुनेनेंच साक्षीदार म्हणून सही केली, कीं ती देणगी गेली. मृत्युपत्रानंतर लग्न केल्यास पूर्वीचें मृत्युपत्र रद्द होतें, हेंही विधुरांनीं ध्यानांत ठेवावें. गोव्यांत ज्यांची मिळकत आहे त्यांनीं निराळा सल्ला घ्यावा. तेथें अर्धा भाग मुलांसाठीं राखीव असतो.

मृत्युपत्र निरोगीपणीं करावें. येतांना सातबारा व घरपट्टीची पावती आणावी. साक्षीदार म्हणून आम्ही आनंदानें सही करूं. मात्र ज्या मृत्युपत्रांत या धर्मग्रामास कांहीं ठेवलें असेल, त्यावर आमची सही कोणीं मागूं नये.