घरबसल्या रुजू होताना

कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाचे पहिले शिक्षण कोणी मुद्दाम देत नसते. रजेचा अर्ज कोणामार्फत पुढे जातो, साहेबांना कोणत्या वेळी भेटू नये, चिडलेल्या ग्राहकाशी शेजारच्या टेबलावरचा अनुभवी सहकारी कसा बोलतो, हे सारे तो पाहून-ऐकून शिकतो. या प्रक्रियेला व्यवस्थापनशास्त्रात ‘संघटनात्मक सामाजिकीकरण’ असे म्हणतात. जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाईन या अभ्यासकांनी १९७९ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली, तेव्हा कार्यालय म्हणजे एक वास्तू, हे गृहीतच होते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने ते मोडीत काढले. हिंजवडी, ऐरोली येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत अनेक तरुण इमारतीचे दारही न पाहता नोकरीला लागले. संगणक कुरिअरने घरी आला आणि सहकाऱ्यांची ओळख पडद्यावर झाली. पुढे बहुतेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावले. तथापि दुरून काम करणाऱ्यांची नेमणूक थांबलेली नाही.

आपल्याकडे ‘इंडक्शन’ म्हणजे पहिल्या दिवशीची सलग भाषणे, असा समज रूढ आहे. घरी बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो अधिकच घातक ठरतो. कार्यालयात अडलेल्याचा चेहरा कोणाच्या तरी नजरेस पडतो. घरी अडलेला माणूस मात्र दिसतच नाही. शंका विचारायची तर ती सर्वांच्या देखत लिहून विचारावी लागते आणि तिची नोंद कायम राहते. साहजिकच नवखा गप्प बसतो. ‘प्रोबेशन’ संपताना हेच मौन त्याच्या अकार्यक्षमतेचा पुरावा मानले जाते, हा अन्याय होय.

यावर सर्वांत उपयुक्त उपाय साधा आहे. नवख्यासाठी एक सोबती नेमावा. मात्र त्याच्या कामाचे मूल्यमापन या सोबत्याकडे असू नये. ‘हे तुला अजून ठाऊक नाही?’ असे ज्याने विचारण्याची भीती वाटत नाही, त्यालाच माणूस मोकळेपणाने विचारतो. कार्यालयाविना चालणाऱ्या ‘गिटलॅब’ या कंपनीने ‘बडी’ या नावाने ही योजना राबवली. नव्या कर्मचाऱ्याने, त्याच्या वरिष्ठाने आणि सोबत्याने काय करायचे, याची यादी तिथे आधीच लिहून ठेवलेली असते. तिची हस्तपुस्तिका इंटरनेटवर सर्वांना खुली असून आपल्या मनुष्यबळ विभागांनी ती जरूर चाळावी. ‘वर्डप्रेस’शी निगडित ‘ऑटोमॅटिक’ कंपनीत तर पद कोणतेही असो, नव्या माणसाला प्रारंभीच्या काळात ग्राहकांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात, अशी प्रथा पडली. त्यामुळे उत्पादनाची ओळख भाषणांऐवजी प्रत्यक्ष अडचणींतून होते.

वरिष्ठानेही पहिले दोन-तीन आठवडे रोज दहा मिनिटे विनाकारण बोलावे. हा वेळ वाया जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी कार्यालयातील चहाचा हिशेब एकदा मांडून पाहावा! पहिल्याच आठवड्यात छोटे, पण पूर्ण होणारे काम सोपवावे. कॅमेरा दिवसभर सुरू ठेवण्याची सक्ती मात्र नको. मुंबईतील दीड खोलीच्या घरात त्याच कोपऱ्यात कोणाचा तरी अभ्यास आणि कोणाचा तरी स्वयंपाक चाललेला असतो.

एक कायदेशीर बाब बहुधा निसटते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील कलम १९ नुसार, छळाचे दंडात्मक परिणाम आणि अंतर्गत समितीच्या स्थापनेचा आदेश ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. घरून काम करणाऱ्या महिलेला कार्यालयातील ही भिंत दिसत नाही. समितीच्या सदस्यांची नावे आणि तक्रार करण्याची रीत तिला रुजू होतानाच लेखी कळवली पाहिजे.