नक्कल

परवा नांदूरघाटच्या घरी माळा आवरताना शाळेतली ड्रॉइंगची वही सापडली. इंटरमिजिएटच्या सरावाचं एक कमळ, आईच्या पैठणीच्या पदरावरून उतरवलेलं. 'ही तर नक्कल!' असं तेव्हा ऐकून घ्यावं लागलं आणि चित्र काढणं सुटलं ते सुटलंच.

पण पैठणीवरचं कमळ तरी कुठलं? विणकर त्याला अजिंठ्याचं कमळ म्हणतात. आणि अजिंठ्याला तर लोक नक्कल करायलाच आले! जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तिथली भित्तिचित्रं कॅनव्हासवर उतरवत होते. लंडनला पाठवलेल्या त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ च्या आगीत जळाल्या. पण हाताला लागलेलं वळण थोडंच जळतं? पुढे १९०९-१० मध्ये नंदलाल बोस आले, तेही नकला करायलाच. चाळीसेक वर्षांनी संविधानाच्या मूळ प्रतीची पानं सजली ती त्यांच्याच देखरेखीखाली.

भाची कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका डिझाइन करते. वहीतलं कमळ मागत होती. म्हटलं, देतो, पण आधी एकदा हाताने काढ. मग तिच्या शेजारी मीही पेन्सिल घेऊन बसलो... तीस वर्षांनी.